लवचीक सुपरकॅपॅसिटरसाठी पीव्हीए जेल: कृती, प्रमाणं आणि बिघाड ओळखण्याच्या खुणा

सुपरकॅपॅसिटर म्हणजे दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये आयन वाहून नेणारा थर ठेवून वीज साठवणारं साधन. इथे तो थर जेलचा आहे: कार्बन क्लॉथचे (कार्बनच्या तंतूंच्या कापडाचे) दोन तुकडे, मध्ये अर्धा मिमी जेल, समोरासमोर येणारं क्षेत्र ६ चौ. सेंमी. जेलची वाहकता २० मिलिसीमेन्स प्रति सेंमी धरली, तर जेलचा स्वतःचा रोध ०.०५ ÷ (०.०२ × ६), म्हणजे साधारण ०.४२ ओहम येतो. असं डिव्हाइस तयार करून मोजलं की बऱ्याचदा ३ ते ४ ओहम दिसतात. मग जेलमध्ये आणखी ॲसिड घाला, पॉलिमर कमी करा, नवं मीठ (जेलला आयन देणारं ॲसिड, अल्कली किंवा क्षार) आणा, असा खटाटोप सुरू होतो. पण ०.४२ चे ०.२ केले तरी उरलेले तीन ओहम जागच्या जागीच राहतात. ते असतात जेल आणि इलेक्ट्रोडच्या जोडात, कोरड्या राहिलेल्या छिद्रांत आणि क्लिपच्या टोकाशी. म्हणून इथे जेल शिजवण्याइतकाच भर ते इलेक्ट्रोडमध्ये भरण्यावर आणि त्यातलं पाणी टिकवण्यावर आहे.

उदाहरणासाठी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल (पीव्हीए) आणि सल्फ्युरिक ॲसिडचं जेल घेतलं आहे. स्वस्त आहे, पारदर्शक असल्यामुळे दोष डोळ्यांना दिसतात, आणि हे जमलं की बाकीची जेलं अवघड जात नाहीत.

जेलच्या आधी ठरवायच्या गोष्टी

पहिला प्रश्न व्होल्टेजचा. पाण्याचं विघटन १.२३ व्होल्टला सुरू होऊ शकतं, त्यामुळे ॲसिड जेलमध्ये कार्बन-कार्बन जोडी ०.८ ते १ व्होल्टपर्यंतच चालवावी. द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये थोडा वायू निघाला तर तो वर जाऊन सुटतो. जेलमध्ये तो अडकतो, बुडबुडा होतो आणि थर इलेक्ट्रोडपासून सोलून काढतो. त्यामुळे द्रवात चाललेली व्होल्टेजची मर्यादा जेलला जशीच्या तशी लावू नये.

दुसरा प्रश्न धातूचा. ॲल्युमिनियम ॲसिडमध्येही विरघळतं आणि अल्कलीमध्येही. साधं स्टेनलेस स्टील सल्फ्युरिक ॲसिडमध्ये हळूहळू गंजतं, आणि क्लोराइड असलेल्या जेलमध्ये त्याला बारीक खड्डे पडतात. ॲसिड जेलसाठी ग्राफाइट फॉइल, कार्बन क्लॉथ किंवा टायटॅनियम घ्यावं; पोटॅशियम हायड्रॉक्साइडसाठी निकेल चांगलं. रंगहीन जेलला दोन दिवसांत पिवळट-हिरवट छटा आली, तर आधी धातूकडे बघा.

तिसरा प्रश्न हवेचा. याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, पण जुलैत कोकणात आणि मे महिन्यात विदर्भात एकाच कृतीने केलेली फिल्म सारखी निघत नाही. त्यावर उपाय पुढे, वाळवण्याच्या भागात दिला आहे.

पीव्हीएची बाटली नीट वाचा

आपल्याकडच्या रसायन विक्रेत्यांच्या बाटल्यांवर पुष्कळदा फक्त ‘हॉट’ किंवा ‘कोल्ड’ लिहिलेलं असतं. कोल्ड म्हणजे अंशतः हायड्रोलाइझ केलेला (ॲसिटेट गट अर्धवट काढलेला), साधारण ८७ ते ८९ टक्के. तो कमी तापमानाला सहज विरघळतो, पण त्याचं जेल मऊ राहतं आणि दमट हवेत ओघळतं. हॉट म्हणजे ९८ ते ९९ टक्के हायड्रोलाइझ केलेला. त्याला ८५–९० अंशांची उष्णता लागते. पण त्याच्या साखळ्या एकमेकींशी घट्ट हायड्रोजन बंध करतात, म्हणून फिल्म ताणली तरी टिकते. आपल्या कामाला हॉट हवा. अल्कलीच्या जेलसाठी तर नक्कीच, कारण कोल्ड प्रकारात उरलेले ॲसिटेट गट पोटॅशियम हायड्रॉक्साइड खाऊन टाकतात.

रेणुभार ९०,००० च्या आसपास असला तर द्रावण हाताळायला बरं पडतं. दीड लाखाच्या पुढचा पीव्हीए जास्त मजबूत फिल्म देतो, पण त्याचं १० टक्क्यांचं द्रावण इतकं दाट होतं की कापडाच्या तंतूंमध्ये शिरतच नाही. इलेक्ट्रोड जाड आणि सच्छिद्र असेल तर कमी रेणुभाराकडे झुकावं.

कृती

लागणारं साहित्य: पीव्हीए २ ग्रॅम, डीआयोनाइज्ड पाणी २० मिली, ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड २ ग्रॅम (१.१ मिली). यातून ॲसिडची तीव्रता सुमारे १ मोलर (लिटरला १ मोल) येते. दोन-तीन लहान डिव्हाइसना एवढं पुरतं.

आधी ॲसिड तयार ठेवा. ५ मिली पाणी लहान बीकरमध्ये घेऊन बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि ॲसिड थेंबाथेंबाने पाण्यात सोडा. ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नका. हातमोजे, चष्मा आणि फ्यूम हुड हवेतच.

उरलेलं १५ मिली पाणी गार असतानाच स्टररवर फिरवत ठेवून त्यात पीव्हीए चिमटीचिमटीने भुरभुरवा. उकळत्या पाण्यात एकदम बेसन टाकल्यावर पिठल्याचं जे होतं तेच गरम पाण्यात पीव्हीए टाकल्यावर होतं: बाहेरून चिकट, आतून कोरड्या गुठळ्या, आणि त्या मग तासन्‌तास मोडत नाहीत. दाणे गार पाण्यात अर्धा तास फुगू द्या. मग ऑइल बाथमध्ये हळूहळू ९० अंशांपर्यंत न्या आणि झाकण ठेवून दीड-दोन तास फिरवा. स्टरर ३००–४०० फेऱ्यांच्या वर नेऊ नका, नाहीतर हवा ओढली जाते. हॉटप्लेटवर थेट बीकर ठेवला तर तळाला करपट थर धरतो, म्हणून ऑइल बाथ बरा.

सुरुवातीलाच बीकर, चुंबक आणि द्रावण यांचं एकत्र वजन टिपून ठेवा. शेवटी जितकं घटलं असेल तितकं गरम पाणी घालून भरून काढा. दोन तासांत दीड-दोन मिली पाणी सहज उडतं, आणि १५ मिलीच्या हिशेबात हा फरक मोठा आहे.

द्रावण काचेसारखं स्वच्छ झालं की ६० अंशांपर्यंत उतरवा आणि विरळ केलेलं ॲसिड थेंबाथेंबाने फिरवत घाला. घाई इथे महागात पडते. तीव्र ॲसिड थेट ९० अंशांच्या पीव्हीएत पडलं तर पडल्या जागी पॉलिमरमधलं पाणी ओढलं जातं, साखळीत दुहेरी बंध तयार होतात आणि तपकिरी रेघा उमटतात. त्या रेघा जात नाहीत. ते द्रावण टाकून द्यावं.

सगळं ॲसिड गेल्यावर आणखी अर्धा तास फिरवा. मग स्टरर बंद करून, झाकून, ५०–५५ अंशांना तास-दीड तास नुसतं ठेवा, म्हणजे बुडबुडे वर येऊन फुटतात. व्हॅक्यूम डेसिकेटर असेल तर पंप सावकाश चालू करा. एकदम ओढलं तर द्रावण फेसाळून भांड्याबाहेर येतं. तयार द्रावण एक-दोन दिवसांत वापरा. ठेवून दिलं की ते दाट होत जातं आणि इलेक्ट्रोडमध्ये शिरायची त्याची ताकद कमी होते.

घड्याळावर नव्हे, वजनकाट्यावर वाळवा

शोधनिबंधांत ‘रात्रभर खोलीच्या तापमानाला वाळवले’ असं एक वाक्य असतं. पावसाळ्यात मुंबईत त्या रात्रीत फिल्म नुसती ओली राहील आणि उन्हाळ्यात नागपूरला कडा कडक होऊन वळतील. म्हणून वजन धरून चला.

वरच्या कृतीतल्या १० ग्रॅम द्रावणात ०.८३ ग्रॅम पीव्हीए, तितकंच ॲसिड आणि ८.३ ग्रॅम पाणी असतं. पेट्री डिशसह वजन करून ठेवा. जेल ५ ग्रॅमवर आलं की त्यात ३.३ ग्रॅम पाणी उरलेलं असतं, आणि ॲसिड-पाण्याच्या मिश्रणात ॲसिड २० टक्क्यांवर येतं. हा थांबण्याचा टप्पा. सल्फ्युरिक ॲसिडची वाहकता ३० टक्क्यांच्या आसपास सर्वाधिक असते. जेल ३ ग्रॅमपर्यंत वाळू दिलं तर ॲसिड ३८ टक्क्यांवर जातं, म्हणजे शिखर ओलांडून आपण पलीकडे उतरतो. त्यात पॉलिमरची जाळीही आवळलेली असते, आणि काही दिवसांत फिल्म तपकिरी पडू लागते. ‘वाळवलं तेवढं मजबूत’ हे खरं आहे, पण त्या मजबुतीचा इथे उपयोग नाही.

जाडीचा अंदाजही यातूनच येतो. ९ सेंमीच्या पेट्री डिशचं क्षेत्र सुमारे ६४ चौ. सेंमी. त्यात ६ मिली द्रावण ओतलं की ओला थर ०.९ ते १ मिमी होतो आणि निम्मं वजन गेल्यावर अर्ध्या मिमीच्या आसपास फिल्म मिळते. डिश ठेवायची जागा लेव्हलने तपासा. एका बाजूला ०.३ आणि दुसरीकडे ०.७ मिमी जाडी झाली, तर वाकवताना पातळ बाजूने शॉर्ट व्हायची भीती असते.

योग्य वजनावर आलेली फिल्म लगेच वापरायची नसेल तर झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा. ॲसिड असलेलं जेल दमट हवेतून पाणी परत ओढतं, म्हणून पावसाळ्यात ते उघडं राहिलं तर वजन उलटं वाढतं.

इलेक्ट्रोड भरणं: अर्धं यश इथे

तयार फिल्म दोन कोरड्या इलेक्ट्रोडमध्ये ठेवून दाबली की डिव्हाइस दिसायला झकास होतं, पण चालत नाही. फिल्म फक्त वरच्या टोकांना टेकते. आतल्या छिद्रांना आयन मिळतच नाहीत. जेल द्रवरूपात असतानाच इलेक्ट्रोडमध्ये गेलं पाहिजे.

आधी कापड भिजतं का ते पाहा. कार्बन क्लॉथवर पाण्याचा थेंब टाका. तो गोल बसून राहिला, तर जेलही वरच बसणार. क्लॉथ हवेत ४०० अंशांना दोन तास तापवला किंवा ऑक्सिजन प्लाझ्मा दिला की पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट येतात आणि थेंब लगेच शोषला जातो. ॲक्टिव्हेटेड कार्बनचा लेप दिला असेल तर बाइंडरकडेही (कार्बनची पूड धरून ठेवणाऱ्या पॉलिमरकडे) बघा: पीव्हीडीएफ हा नेहमीचा बाइंडर पाण्याला दूर लोटतो. तो कमीत कमी वापरावा.

मग दोन टप्प्यांत भरा. तयार द्रावणाचा थोडा भाग १ मोलर ॲसिडने निम्मा पातळ करा, ६० अंशांना ठेवा आणि इलेक्ट्रोड त्यात दहा मिनिटं बुडवा. डेसिकेटरमध्ये हलका व्हॅक्यूम दिला तर छिद्रांतली हवा बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येताना दिसते. बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. बाहेर काढून निथळू द्या. आता मूळ दाट द्रावणाचा थर ब्रशने किंवा ब्लेडने लावा. पृष्ठभाग बोटाला चिकटेल पण बोटावर उतरणार नाही, इतपत वाळवा. ही वेळ चुकवू नका. फार ओलं असताना जोडलं तर दाबाने जेल बाजूने निसटतं आणि इलेक्ट्रोड एकमेकांना भिडतात. फार वाळल्यावर जोडलं तर दोन थर एकजीव होत नाहीत आणि वाकवताना मधूनच सुटतात.

दोन्ही चिकट बाजू समोरासमोर आणून एका कडेपासून हळूहळू टेकवा, म्हणजे हवा अडकत नाही. वर काचेची पट्टी आणि ६ चौ. सेंमीला अर्धा किलो वजन ठेवून रात्रभर झाकून ठेवा. शॉर्टची भीती वाटत असेल तर मध्ये सेल्युलोजचा पातळ सेपरेटर (इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारा पडदा) द्रावणात भिजवून ठेवा. रोध थोडा वाढतो, पण दहापैकी दहा डिव्हाइस जिवंत राहतात.

मीठ बदलायचं असेल तर

फॉस्फोरिक ॲसिड हे सल्फ्युरिकपेक्षा सौम्य. त्याचं जेल कमी तपकिरी पडतं, पाणी बरं धरतं, पण वाहकता कमी. नवशिक्यांनी किंवा नाजूक इलेक्ट्रोड असणाऱ्यांनी हेच घ्यावं. प्रमाण तेच, २० मिली पाण्याला २ ग्रॅम पीव्हीए आणि २ ग्रॅम ॲसिड.

लिथियम क्लोराइडचं जेल वाळत नाही ही त्याची मोठी बाजू. २० मिली पाण्याला २ ग्रॅम पीव्हीए आणि ४.२४ ग्रॅम लिथियम क्लोराइड, म्हणजे ५ मोलर. हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे कोरड्या हवेतही फिल्म मऊ राहते. मँगनीज डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडसोबत ते चांगलं जमतं.

पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालायचं तर पीव्हीए ६० अंशांच्या खाली आणूनच. गरम द्रावणात ते पिवळं पडतं. तीव्र द्रावण भरभर घातलं तर पांढऱ्या गुठळ्या बसतात. उघड्या हवेत हे जेल कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट बनवतं, म्हणून वाळवणं बंद पेटीत, सोडा लाइम (कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) ठेवून करावं.

सोडियम सल्फेटचा मोह टाळा, निदान थेट मिसळण्याचा. कार्बन-कार्बन जोडीला उदासीन सल्फेटमध्ये १.६ व्होल्टपर्यंत जाता येतं, म्हणून ते हवंहवंसं वाटतं. पण सल्फेट पीव्हीएला द्रावणाबाहेर ढकलतं. पीव्हीएचे धागे काढणाऱ्या उद्योगात सोडियम सल्फेट याच कामासाठी वापरतात. झिंक-आयन सेलसाठी झिंक सल्फेट घालतानाही ही अडचण येते. तिथे उलट क्रम लावायचा: आधी नुसत्या पीव्हीएचं मजबूत जेल, मग त्यात मीठ.

ते असं. १० टक्के पीव्हीए साच्यात ओतून उणे २० अंशांना १२ तास गोठवा, नंतर खोलीच्या तापमानाला ६ तास वितळू द्या. असं तीनदा. बर्फाचे कण वाढताना साखळ्या एकमेकींजवळ दाबल्या जातात, त्यांचे बारीक स्फटिक तयार होतात आणि तेच गाठींचं काम करतात. वेगळं क्रॉसलिंकर (साखळ्या जोडणारं रसायन) लागत नाही. मग ही फिल्म २ मोलर झिंक सल्फेटमध्ये (मँगनीज डायऑक्साइड कॅथोड असेल तर सोबत ०.१ मोलर मँगनीज सल्फेट) २४ तास बुडवून ठेवा. ती थोडी आकसेल, म्हणून कापणी भिजवल्यानंतर करा. या रीतीत इलेक्ट्रोडमध्ये जेल भरता येत नाही, म्हणून इलेक्ट्रोडला त्याच मिठाचं द्रावण आधी पाजून घ्यावं लागतं. ॲसिड मिसळलेलं द्रावण गोठवायचा प्रयत्न करू नका. त्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि घरगुती फ्रीजरमध्ये जेल अर्धवटच बसतं.

बोरॅक्सने जोडलेलं पीव्हीए कापलं तरी परत जुळतं, म्हणून त्याची चर्चा फार. पण त्या बंधाला अल्कधर्मी किंवा उदासीनच्या जवळचं वातावरण लागतं. ॲसिडमध्ये ते पाण्यासारखं सुटतं.

मोजमाप

जेलची वाहकता मोजताना मायक्रोमीटर थेट फिल्मवर लावू नका, मऊ फिल्म दबते आणि जाडी कमी भरते. त्याऐवजी १ मिमी जाडीच्या टेफ्लॉन वॉशरमध्ये जेल ओतून दोन ग्राफाइट चकत्यांमध्ये धरा. जाडी आणि क्षेत्र दोन्ही वॉशरच ठरवतो. इंपीडन्स (वेगवेगळ्या वारंवारतांना मोजलेला एसी रोध) १०० किलोहर्ट्झ ते १ हर्ट्झ, १० मिलिव्होल्टवर घ्या. आलेख आडव्या अक्षाला उच्च वारंवारतेच्या टोकाला जिथे छेदतो तो रोध. त्यातून चकत्या नुसत्या एकमेकींना टेकवून मोजलेला वायरांचा रोध वजा करा. वाहकता = जाडी ÷ (रोध × क्षेत्रफळ).

डिव्हाइसचा आलेख ०.०१ हर्ट्झपर्यंत न्या. छेदबिंदूच मोठा असेल तर जेल वाळलंय, जाड आहे किंवा क्लिप सैल आहे. मोठं अर्धवर्तुळ दिसलं तर लेप आणि कापड किंवा जेल आणि लेप यांचा जोड कच्चा. ४५ अंशांची रेघ लांबलचक असेल तर छिद्रं कोरडी आहेत. सुरुवातीच्या उदाहरणातले तीन ओहम नेमके कुठे बसलेत, ते इथे कळतं.

व्होल्टेजची मर्यादा ठरवायला सायक्लिक व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज वर-खाली नेत करंट मोजणं) ०.६ व्होल्टपासून सुरू करून ०.१ च्या पायरीने वाढवा. वरच्या टोकाला शेपूट उठायला लागली, म्हणजे करंट एकदम वर जाऊ लागला, की एक पायरी मागे या.

वाकवण्याच्या चाचणीत कोन सांगून काही कळत नाही, त्रिज्या सांगा. बाहेरच्या पृष्ठभागावरचा ताण साधारण जाडी ÷ (२ × त्रिज्या) असतो. १ मिमी जाड डिव्हाइस ५ मिमी त्रिज्येच्या दांड्यावर वाकवलं तर ताण १० टक्के, तेच ०.४ मिमी असेल तर ४ टक्के. म्हणजे जेल बदलण्यापेक्षा डिव्हाइस पातळ केलेलं बऱ्याचदा जास्त फळतं. पेन्सिल, मार्कर आणि पाइपचे तुकडे असे वेगवेगळ्या व्यासांचे दांडे हाताशी ठेवा, आणि इंपीडन्स वाकवलेल्या अवस्थेतही घ्या. सरळ केल्यावर भरून येणारी भेग सरळ अवस्थेतल्या मोजणीत दिसत नाही.

पॅकिंग

पीडीएमएसमध्ये (सिलिकॉन रबरात) बंद केलेलं डिव्हाइस सुंदर दिसतं, पण पाण्याची वाफ त्यातून सहज निघून जाते. स्टेशनरीच्या दुकानातला पीईटीचा लॅमिनेशन पाउच त्याहून बरा. फक्त तो लॅमिनेटरमधून फिरवू नका, कडा तेवढ्या सीलरने दाबा, नाहीतर जेल शिजेल. ग्राफाइटच्या पट्ट्या जिथून बाहेर येतात तिथून गळती होते, म्हणून त्या जागी गरम चिकटणारी पॉलिमर फिल्म दोन्ही बाजूंनी लावा. ॲल्युमिनियमचा थर असलेला पाउच पाणी सर्वांत चांगलं अडवतो, पण तो कडक असतो आणि कापलेल्या कडेला टॅब (बाहेर येणारी जोडपट्टी) भिडला की शॉर्ट होतो.

सील केल्यावर डिव्हाइसचं वजन मिलिग्रॅममध्ये टिपून ठेवा आणि आठवड्याने परत करा. क्षमता घटली आणि वजनही घटलं असेल तर दोष पॅकिंगचा. वजन तेच असून क्षमता घटली असेल तर पाउच उघडा आणि इलेक्ट्रोड सोलून बघा: जेल दोन्ही बाजूंना फाटून चिकटलेलं असेल तर जोड पक्का होता, आणि शंका धातूवर किंवा व्होल्टेजवर घ्यावी, एका इलेक्ट्रोडवरून जेल साफ निघून आलं तर त्या बाजूचं भरणं पुन्हा करावं. उरलेलं ॲसिड जेल सिंकमध्ये टाकू नका. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात फेस थांबेपर्यंत भिजवून, पीएच पट्टीवर ७ च्या आसपास आल्यावर प्रयोगशाळेच्या कचऱ्यात द्या.